रोशेल : पिंपळनेरच्या भट्टीतले रसायन

साक्री तालुक्यातल्या माणसाला एकोणिसाव्या शतकातल्या औषधींच्या आणि व्यापाराच्या नोंदी वाचताना एका नावापाशी थांबावेच लागते. ते नाव पिंपळनेर. १८८० साली प्रसिद्ध झालेले खानदेशचे गॅझेटियर आणि १८९०च्या सुमारास डायमॉक, वॉर्डन व हूपर यांनी तयार केलेली ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हे त्या काळाचे मोठे साक्षीदार. पश्चिम खानदेशात तेव्हा रोशा गवतापासून सुगंधी तेल काढण्याचा धंदा भरात होता. या धंद्याचे मूळ ठाणे पिंपळनेर. तिथे गवत विरळ होत गेले तसे भट्टीवाले नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजूंना सरकले आणि अक्राणीच्या उघड्या डोंगरउतारांवरचे गवत कापू लागले. म्हणजे ज्या काळाच्या नोंदी आपण वाचतो, त्या काळातच आपल्या तालुक्यापुरती ही गोष्ट जवळजवळ संपलेली होती.

रोशा म्हणजेच तिखाडी. संस्कृतात रोहिष, कत्तृण, भूतिक अशी नावे आयुर्वेदाच्या ग्रंथांत येतात. तेलाला खानदेशात रोशेल म्हणत. शास्त्रीय नाव सिंबोपोगॉन मार्टिनी. यातला मार्टिन म्हणजे लखनौचा जनरल क्लॉड मार्टिन. टिपू सुलतानाशी चाललेल्या युद्धात बालाघाटच्या पठारावर जनावरे हे गवत आवडीने खातात हे त्याने पाहिले आणि बी गोळा केले. ते रॉक्सबरो या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे पोचले आणि सेनापतीचे नाव गवताला चिकटले. गवती चहा हा याच कुळातला भाऊ. पण गवती चहाचे पान चुरगळले की लिंबू आठवते आणि रोशाचा तुरा चुरगळला की गुलाब. पश्चिम पट्ट्यात एखाद्या नवख्याच्या हातावर हा तुरा चोळून दिला तर तो हमखास म्हणतो, ‘गुलाबना वास शे!’ आता हा गुलाब गवतात आला कुठून, हाच या लेखाचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना असे दिसते की पिंपळनेरच्या भट्टीवाल्यांना या गवताबद्दल जे कळले होते, ते पुढच्या पंडितांनी थोडे घाईने मोडीत काढले.

आधी भट्टी पाहू. हंगाम गवत फुलले की, म्हणजे सप्टेंबरात सुरू होई आणि रानाला वणवे लागेपर्यंत चाले. वाहत्या ओढ्याच्या काठात खणून चूल करायची. तिच्यावर मोठा हंडा, हंड्यात गवत दाबून भरायचे आणि वर पाणी. लाकडी झाकणाला भोक पाडून त्यात पोकळ बांबू बसवायचा. हा बांबू सुतळीने गच्च आवळलेला असे, कारण वाफ कुठून निसटली की तेल निसटले. बांबूचे दुसरे टोक ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या लहान भांड्यात. तेथे वाफ थंड होऊन पाणी व तेल साचे, तेल पाण्यावर तरंगे, ते वरचेवर काढून घ्यायचे. तयार तेल कातड्याच्या बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर अत्यंत वाईट रस्त्यांनी सुरतेला, नाहीतर धुळे-मनमाडमार्गे मुंबईला जाई. धंदा मुसलमान भट्टीवाल्यांच्या हाती होता.

हे वर्णन वाचून आजचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी नाक मुरडेल, पण मुरडू नये. या तेलाचा मुख्य घटक २३० अंश सेल्सिअसला उकळतो. ओढ्याकाठच्या चुलीवर २३० अंश कोण देणार, आणि दिले तर गवत करपून राखच हाती यायची. पण पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे दोघांच्या वाफेचा दाब स्वतंत्रपणे धरून बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळते, आणि ती शंभर अंशांच्या थोडी अलीकडेच पूर्ण होते. वाफेत तेलाचे रेणू तसे थोडे असतात. पण तेलाचा एक रेणू पाण्याच्या रेणूच्या साडेआठपट जड (१५४ विरुद्ध १८). म्हणून संख्येने थोडे असूनही वजनाने तेल बऱ्यापैकी मिळते. गच्च आवळलेला बांबू आणि वाहता ओढा, या दोन गोष्टींनी आजच्या वाफ-ऊर्ध्वपातनाची सगळी गरज भागवली होती. ओढ्याला भाडे नव्हते एवढाच फरक. भट्टीच्या पाण्यालाही वास येतो, कारण थोडे तेल पाण्यात विरघळून राहते. तेच पाणी पुढच्या खेपेला हंड्यात घातले तर ते वाया जात नाही. आजही लहान भट्टीला हा सल्ला देतात.

मुंबईहून हे तेल तांबड्या समुद्राच्या बंदरांवर आणि तिथून कॉन्स्टँटिनोपलला जाई. तिथे त्याचे काम एकच, गुलाबाच्या अत्तरात भेसळ. त्याआधी लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्याबरोबर ते घुसळायचे आणि उन्हात ठेवायचे. त्याने रंग उतरतो, उग्रपणा कमी होतो. मग ते बाल्कनमधल्या गुलाबाच्या तेलात मुरवायचे. खरे गुलाबतेल थंडीत गोठते, कारण त्यात मेणासारखे पदार्थ असतात. रोशेल मिसळले की गोठण्याचा अंश खाली येतो, मग तो भरून काढायला व्हेल माशाच्या डोक्यातले मेण घालायचे. एका लबाडीला दुसरी लबाडी लागतेच. युरोपच्या व्यापाऱ्यांना हा माल तुर्कांकडून मिळत असल्यामुळे त्यांनी त्याला नाव दिले ‘तुर्की जेरॅनियम तेल’. कारण त्याचा वास जेरॅनियमच्या तेलासारखा. निमाडच्या मालामुळे ‘निमाड तेल’ असेही एक नाव बाजारात होते.

या नावाच्या गोंधळाचा परिणाम पुढे रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात कायमचा बसला. १८७१ साली ऑस्कर जेकबसेन या जर्मन रसायनज्ञाने ‘भारतीय जेरॅनियम तेल’ तपासायला घेतले. ते जेरॅनियमचे नव्हतेच, रोशाचे होते. त्याच्या लक्षात आले की निर्जल कॅल्शियम क्लोराइडबरोबर या तेलातला मुख्य पदार्थ घट्ट स्फटिक बांधतो. बाकीचे घटक बांधत नाहीत. स्फटिक धुवून वेगळे काढायचे आणि त्यावर पाणी टाकायचे, की मूळ पदार्थ मोकळा होऊन वर येतो. अशा रीतीने हाती आलेल्या द्रवाला त्याने जेरॅनिऑल म्हटले. दहा कार्बन, अठरा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. गुलाबाच्या वासातला हा एक मुख्य धागा. तो प्रथम ओळखला गेला तो गुलाबात नव्हे, जेरॅनियममध्येही नव्हे. दख्खनच्या नि मध्य भारताच्या डोंगरांवरच्या एका गवतात. त्यातही अत्तरवाले ज्याला जेरॅनियम म्हणतात ते झाड वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने जेरॅनियम नाहीच, पेलार्गोनियम आहे. म्हणजे चुकीच्या झाडाचे चुकीचे नाव तिसऱ्याच गवतातल्या पदार्थाला. न्यायाने या पदार्थाचे नाव रोशेलवरून पडायला हवे होते. पण नावे ठेवण्याचा अधिकार प्रयोगशाळेचा, भट्टीचा नव्हे.

आता मुख्य मुद्दा. खानदेशातले भट्टीवाले गवताला दोन नावांनी हाक मारत. तुरा कोवळा, निळसर पांढरा असताना ते गवत मोतिया. तोच तुरा पिकून तांबडा झाला की सोनफिया. मोतियाचे तेल नाजूक वासाचे. सोनफियाचे उग्र, एकट्याने विकायला गेले तर युरोपच्या बाजारात भाव येत नसे, म्हणून दोन्ही मिसळून विकत. भट्टीवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे गवत एकच, वय दोन.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतिशास्त्रज्ञ यात उतरले. १९०६ साली क्यू येथील ऑटो स्टाफ याने भारत व सिलोनच्या तेल देणाऱ्या गवतांवर मोठा निबंध लिहिला. पाठोपाठ १९०९ साली बर्किलने दाखवले की मोतिया आणि सोफिया ही एकाच गवताची दोन वये नसून दोन वेगळे वाण आहेत. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या, उघड्या उतारावर सुटे-सुटे बेट करून वाढते. सोफिया ओलसर, सखल जागी दाटीने. दिसायला मात्र दोन्ही इतकी सारखी की नुसत्या डोळ्यांनी खात्री देणे अवघड. तेव्हापासून पुस्तकांत भट्टीवाल्यांची समजूत चुकीची ठरली. त्यांचे शब्द तेवढे शिल्लक राहिले. आजही शोधनिबंधांत मोतिया, सोफिया हीच वाणांची अधिकृत नावे आहेत.

रसायनाने बर्किलचे म्हणणे भक्कम केले. मोतियाच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक जेरॅनिऑल, त्याच्याबरोबर जेरॅनिल ॲसिटेट, थोडे लिनालूल, थोडे कॅरिओफायलीन व ऑसिमीन. सोफियाच्या तेलाचा व्यापारात ‘जिंजरग्रास’ म्हणून वेगळाच माल होतो. त्यात जेरॅनिऑल दुय्यम. मुख्य घटक लिमोनीन, कार्व्होन, पेरिलिल अल्कोहोल आणि त्यांचे भाईबंद. पेरिलिल अल्कोहोलची ओळख सेमलर व झार यांनी १९११ साली पक्की केली.

हा फरक वाटतो तेवढा गूढ नाही. दोन्ही वाण एकाच कच्च्या मालापासून सुरुवात करतात, पाच-पाच कार्बनचे दोन तुकडे जोडून केलेली दहा कार्बनची साखळी. मोतिया ही साखळी मोकळीच ठेवते, टोकाशी एक ऑक्सिजन ठेवून देते आणि जेरॅनिऑल तयार. सोफियाकडे एक वेगळे विकर असते. ते साखळीची दोन ठिकाणे जोडून कडे करते, म्हणजे लिमोनीन. मग त्या कड्याला निरनिराळ्या जागी ऑक्सिजन बसतो आणि कार्व्होन, पेरिलिल अल्कोहोल असे दागिने निघतात. तोच दोरा, एकीकडे सरळ सोडलेला, दुसरीकडे गाठ मारलेला.

यातून एक सोपी, जुनी आणि आजही चोख अशी परीक्षा मिळते. लिमोनीन, कार्व्होन यांचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे असतात आणि ध्रुवित प्रकाशाची पातळी फिरवतात. जेरॅनिऑलला असा डावा-उजवा भेद नाही. म्हणून शुद्ध मोतिया तेल ध्रुवणमापीत जवळजवळ स्थिर राहते आणि सोफिया तेल प्रकाश ठळकपणे फिरवते. दुसरी परीक्षा आणखी स्वस्त : मोतियाचे तेल सत्तर टक्के अल्कोहोलच्या दुप्पट-तिप्पट मापात स्वच्छ विरघळते. टर्पेंटाइन किंवा रॉकेल घातले असेल तर लगेच गढूळ होते. बाटली, मोजपात्र आणि दहा मिनिटे. गावातल्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी गोष्ट आहे.

शंभर वर्षे बाजाराने भाव ठरवला तो मात्र ॲसिटिलीकरणाच्या आकड्यावर. तेल ॲसिटिक अनहायड्राइडबरोबर उकळायचे, त्यातले सगळे अल्कोहोल गट ॲसिटेट होतात. मग कॉस्टिक पोटॅशने ते ॲसिटेट मोडायचे आणि किती पोटॅश खर्ची पडला त्यावरून अल्कोहोल मोजायचे. हिशेब ‘सर्व अल्कोहोल जेरॅनिऑलच’ असे धरून. इथेच फट आहे. पेरिलिल अल्कोहोलही अल्कोहोलच. सोफियाचे तेल बेताने मिसळले तर आकडा फारसा पडत नाही, नाकाला मात्र कळते. भट्टीवाले ‘मिसळून विकत’ म्हणतात त्याचे कारण या फटीत आहे.

वायुवर्णलेखन आले आणि ही फट बुजली. १९५२ साली जेम्स व मार्टिन यांनी ही पद्धत मांडली (हा मार्टिन इंग्रज रसायनज्ञ, आपल्या जनरलचा कुणी नव्हे). अनेक मीटर लांब, केसासारख्या बारीक नळीच्या आतल्या भिंतीला चिकट थर असतो. तेलाचा कण वाफ करून नळीत सोडतात. जो घटक थराला कमी रमतो तो आधी बाहेर येतो, जो रमतो तो उशिरा. प्रत्येकाचा एक उंचवटा कागदावर उमटतो. त्याच्या शेवटी वस्तुमानमापी जोडली की रेणू फोडून त्याच्या तुकड्यांची वजने कळतात. जेरॅनिऑलच्या बाबतीत सर्वांत उंच तुकडा ६९ वजनाचा. पण त्याचा जुळा भाऊ नेरॉल, ज्याचा एक बंध फक्त उलट्या बाजूला वळलेला, तोही जवळजवळ तसाच फुटतो. संगणकातली यादी दोघांत गल्लत करू शकते. म्हणून जाणते लोक कोवाट्सचा धारणांक पाहतात, म्हणजे ज्ञात हायड्रोकार्बनच्या मापपट्टीवर घटक कुठे बाहेर पडला तो आकडा. नेहमीच्या अध्रुवी नळीत नेरॉल १२२८च्या, जेरॅनिऑल १२५०च्या, पेरिलिल अल्कोहोल १२९५च्या, जेरॅनिल ॲसिटेट १३८०च्या आसपास. या तालुक्यातल्या कुणी तेल तपासून घेतले आणि हाती नुसती नावांची व टक्क्यांची यादी आली, तर धारणांक कुठे आहेत हे विचारावे. अनेकदा ते दिलेले नसतात, आणि आपण अहवाल जाड कागदावर छापलेला पाहून गप्प बसतो.

पण या यंत्रानेच पुढे एक गोष्ट अशी दाखवली की जिने भट्टीवाल्यांची बाजू पुन्हा उचलून धरली. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेतल्या संशोधकांनी २००१ साली मोतिया वाणाचाच तुरा कोवळा असल्यापासून पिकेपर्यंत टप्प्याटप्प्याने तपासला. कोवळ्या तुऱ्यात जेरॅनिल ॲसिटेटचा वाटा मोठा असतो. तुरा पिकत जातो तसे एक विकर ॲसिटेट तोडत जाते आणि जेरॅनिऑलचा वाटा वाढतो. म्हणजे एकाच वाणाचे, एकाच बेटाचे तेल वयाप्रमाणे बदलते. जेरॅनिल ॲसिटेटचा वास फळासारखा, हलका. नुसत्या जेरॅनिऑलचा गोड पण भारदस्त. ‘कोवळ्याचा वास नाजूक’ ही भट्टीवाल्यांची नोंद अक्षरशः खरी होती.

माझे मत असे की भट्टीवाले दोन खऱ्या गोष्टी एका शब्दात बोलत होते. वय बदलले की तेल बदलते, ही एक. उतारावरचे आणि पाणथळीचे गवत वेगळे तेल देते, ही दुसरी. दोन्हींचा परिणाम नाकाला एकाच दिशेने जाणवतो, नाजूककडून उग्रकडे. बर्किलने दुसरी गोष्ट वेगळी काढली हे मोठेच काम. पण ते करताना पहिली गोष्ट अज्ञानाच्या खाती जमा झाली आणि ती परत मिळायला नव्वद वर्षे लागली. अक्राणीच्या डोंगरात दोन्ही वाण जवळजवळ वाढत असतील आणि पिकलेल्या तुऱ्यांत सोफिया मिसळत असेल, तर भट्टीवाल्याला ते वयच वाटणार. वाणाचे नाव त्याला विचारले असते तर कदाचित चुकले असते. वासाचे विचारले असते तर चुकले नसते.

कॉन्स्टँटिनोपलच्या त्या लबाडीचेही शेवटी या गवताच्या स्वभावानेच भांडे फोडले. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही आपल्या शिवारातली पिके ज्या पद्धतीने हवेतला कार्बन पकडतात तिला सी-चार म्हणतात. रोशाही त्याच गोतावळ्यातला. गुलाब मात्र सी-तीन, गहू आणि हरभऱ्यासारखा. हवेत साध्या कार्बनबरोबर किंचित जड कार्बनही असतो. सी-तीन झाडे तो बरीच नाकारतात, सी-चार फारशी नाकारत नाहीत. ठरलेल्या मापपट्टीवर सी-तीनचा आकडा साधारण उणे २७च्या आसपास आणि सी-चारचा उणे १२ ते १४. जेरॅनिऑल दोन्हींकडचा एकच, यंत्राला दोन्ही उंचवटे एकाच जागी दिसतात. पण रोशातल्या जेरॅनिऑलच्या कार्बनमध्ये ज्वारीच्या ताटाची ओळख असते. इटलीतल्या संशोधकांनी २०१३ साली बाजारातली गुलाबतेले अशी तपासली, आणि काहींतला जेरॅनिऑल सी-चार गवताचा निघाला. शतकापूर्वी कातडी बुधल्यातून जे सुरू झाले ते कार्बनच्या समस्थानिकांनी पकडले.

तरी गुलाब म्हणजे जेरॅनिऑल नव्हे, हेही सांगितले पाहिजे. गुलाबात सिट्रोनेलॉल, नेरॉल, फेनेथिल अल्कोहोल असतात, आणि १९७०च्या सुमारास सापडलेला डॅमॅसेनोन अगदी अल्प असूनही वासाचा मोठा भार उचलतो. रोशेलमधला गुलाब हा गुलाबाचा सांगाडा आहे, देह नव्हे. आपल्या नाकाला सांगाडाही पुरतो, म्हणून तुरा चोळला की आपण फसतो.

आता आपल्या भागात अधूनमधून पामारोझाच्या लागवडीची चर्चा होते. पामारोझा म्हणजे मोतिया वाणाच्या तेलाचे आजचे बाजारनाव. कोरडवाहू जमिनीत हे गवत टिकते हे खरे. एकदा लावले की काही वर्षे कापणी मिळते हेही खरे. लखनौच्या संस्थेचे तृष्णा, पीआरसी-१ असे निवडलेले वाण आहेत. पण रानातून गोळा केलेल्या बियाण्यात सोफिया मिसळलेली असू शकते आणि कोवळ्या रोपात ती ओळखू येत नाही. ती ओळखू येते ती पहिल्या भट्टीनंतर, तोवर शेतकऱ्याचे वर्ष गेलेले असते. बियाणे कुणाकडूनही घ्या, मूळ बेटाच्या तेलाचा ध्रुवणांक आणि सत्तर टक्के अल्कोहोलची परीक्षा आधी मागा. तेल मुख्यतः तुऱ्यात आणि पानात असते, काडीत नाममात्र. काड्यांनी हंडा भरला की लाकूड जळते, तेल येत नाही.

पिंपळनेरच्या वरच्या अंगाला, पांझरेच्या उगमाकडच्या डोंगरांत रोशाची बेटे कुठे उरली आहेत याचे काम हौशी माणसाच्या आवाक्यातले आहे. गणपती-नवरात्राच्या मधल्या दिवसांत तुरे येतात. उघड्या उतारावरचे वेगळे आणि ओहोळाकाठचे वेगळे असे दोन गठ्ठे करायचे. प्रत्येकातून कोवळा निळसर तुरा, मधला आणि पिकून तांबडा झालेला असे तीन नमुने, म्हणजे एकूण सहा. एकमेकांत मिसळायचे नाहीत. सावलीत सुकवायचे, प्रत्येकावर जागा आणि तारीख लिहायची आणि सहाही वेगळे ऊर्ध्वपातित करायचे. एक लहान तांब्याचा बंब, एक ध्रुवणमापी असलेले जवळचे महाविद्यालय आणि धारणांक लिहून देणारी प्रयोगशाळा, एवढे जमले की मोतिया आणि सोनफिया हा फरक पिंपळनेरच्या डोंगरात वाणाचा किती आणि वयाचा किती, हे आकड्यांत मांडता येईल. वणवे लागण्याच्या आत जायला हवे.